हवालदाराचा पट्टा

आंबागडच्या किल्ल्यावर माकडं आणून सोडायची अक्कल कुणाला सुचली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. फेब्रुवारीतल्या एका सकाळी पायथ्याशी ट्रक आला, जाळीचे पिंजरे उघडले गेले, आणि पंचवीस-तीस लाल तोंडाची माकडं उतरवून ट्रक आल्या वाटेनं निघून गेला. कुठल्यातरी शहरानं आपली पीडा आमच्याकडे ढकलली, दुसरं काय. आमच्या जंगलात वांदरं होतीच, काळ्या तोंडाची, लांब शेपटाची. ती झाडपाल्यावर जगणारी, आपल्या पायरीनं राहणारी. ही शहरातली माकडं वेगळीच निघाली. त्यांना तेंदूची टेंभरं ओळखू येईनात, चारोळीच्या झाडाची चारं कशी खातात ते ठाऊक नव्हतं. पण डब्याचं झाकण, पिशवीची चेन आणि मोटारसायकलची डिक्की त्यांना बरोबर उघडता यायची.

मी गावातली अंगणवाडी सेविका. माझी जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं. तीस पोरं सांभाळायची तर जीभ तिखटच लागते, गोड जिभेच्या बाईनं एक दिवस येऊन दाखवावं. माकडांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या पोरांचे शेंगदाण्याचे लाडू डब्यासकट नेले. डबा दोन दिवसांनी परत मिळाला, झाकण अजून मिळायचंय. पुढच्या आठवड्यात तर लेकरांचं वजन करायची कापडी झोळी पळवली आणि वरच्या पिंपळाला अशी अडकवली, की तिच्यात एक माकडीण आपलं पिल्लू घेऊन आरामात बसलेली. खाली पोरं टाळ्या वाजवत होती. मी दगड उचलला तर माझीच पोरं माझ्यावर रुसली.

या सगळ्यांचा म्होरक्या होता हवालदार. हे नाव पोरांनीच ठेवलं. अंगानं लहानखुरा, डाव्या कानाचा लचका तुटलेला, आणि गळ्यात चामड्याचा काळा पट्टा. किल्ल्याच्या दरवाजात कुणी नवीन माणूस दिसला, की हा कुठूनतरी काडी शोधून आणायचा, खांद्यावर बंदुकीसारखी धरायचा, दोन पायांवर तीन-चार पावलं चालायचा, वळायचा आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकायचा. मग हात पुढे करायचा. काही दिलं तर ठीक, नाही दिलं तर पाहुण्याचा चष्मा गेला म्हणून समजा. कोण्या काळी या किल्ल्यावर सरहद्दीची राखण करायला फौज असायची म्हणतात. फौज गेली, बुरूज राहिले, आणि आता एवढा एकच शिपाई उरला होता. पगार मिळाला नाही तर लूट करणारा.

किल्ल्यावर राखण करायला रोजंदारीचा एक माणूस होता, तो म्हणजे माझे सासरे, आनंदराव. आम्ही सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतो. जन्मभर जंगलात लाकूडतोडीची कामं केलेला माणूस, वय सत्तरीकडे झुकलेलं. दरवाजा झाडायचा, पोरासोरांना बुरजाच्या कडेला जाऊ द्यायचं नाही, भिंतीवर नावं कोरणाऱ्यांना हाकलायचं, एवढं काम. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा मामाजी दहा-बारा वर्षांचे होते. तेव्हापासून पंचशीलातला शब्द मोडलेला नाही, दारूच्या थेंबाला बोट लावलेलं नाही. नुसतं आपण पीत नाही एवढ्यावर थांबणारे नव्हते ते. तरुणपणी गावातल्या दारूच्या भट्ट्यांची मडकी त्यांनी काठीनं फोडली होती, आणि त्यात मंदाबाईची सगळ्यात जास्त होती. मंदाबाई वीस वर्षं त्यांना पाहून थुंकायची. मी या घरात आले ती मुळात या गोष्टीसाठीच. माझं माहेर करडीचं, आणि माझा बाप प्यायचा.

माकडांशी मामाजींचं कसं जमलं, ते त्यांनाच ठाऊक. मी माकडांना शिव्या द्यायची आणि ते त्यांना टेंभरं कशी खायची ते शिकवायचे. दगडावर फळ फोडायचं, स्वतः खाऊन दाखवायचं, बी थुंकायचं. म्हातारा माणूस माकडांसमोर बसून बिया थुंकतोय, हे पाहायला मी दोनदा मुद्दाम वर गेले. हवालदार सगळ्यात आधी शिकला. काडी खांद्यावर टाकून मामाजींच्या मागे गस्त घालायचा, तटाच्या भिंतीवरून सरळ जायचा, कोपऱ्यावर वळायचा, परत यायचा. मामाजी खाली झाडत आणि हा वर पहारा देई.

तुमसरच्या बाजारात लहानपणी मदाऱ्यांचे खेळ पाहिलेले, म्हणून मामाजींनी ओळखलं की हे पोर कुणा मदाऱ्याकडचं आहे. पट्टा पिल्लू असताना घातलेला. पिल्लू वाढलं, पट्टा वाढला नाही. मार्च सुरू झाला तेव्हा हवालदाराचा आवाज बसला. मग तो भाकरी तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा. पाण्यात भिजवून दिली तरच कशीबशी गिळायचा. चामड्याच्या खालून पू यायला लागला होता, आणि उन्हात माशा घोंगावायच्या.

मामाजींनी तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टरला आणलं. भला माणूस, दोनदा चढून आला. पण हवालदार अनोळखी हात दिसला की बुरजावर. डॉक्टर म्हणाला, बेशुद्ध करायची बंदूक असलेली माणसं एका वाघिणीमागे गेलीत, ती मोकळी झाली की पाठवतो. पण महिन्याभराच्या आत पट्टा निघाला नाही, तर तो नरड्यात शिरेल. मग ना खाता येईल ना श्वास घेता येईल. हे ऐकून मामाजी घरी आले, आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

त्यांनी जाळं लावलं. मग पिंजरा लावला, आत केळी ठेवली. पिंजऱ्याची विद्या हवालदाराला आपल्यापेक्षा जास्त येत होती. त्यानं आधी दारात आपली काडी आडवी घातली, मग आत जाऊन केळी घेतली आणि ऐटीत बाहेर आला. केळं त्याला गिळता आलं नाही, ते त्यानं दुसऱ्यांना दिलं. मामाजींच्या जवळ तो हातभर अंतरावर येऊन बसायचा, पण हात गळ्याकडे गेला की दात दाखवायचा. हळूहळू त्यानं चोऱ्या करणंही सोडलं. पाहुणे येत-जात, हा सावलीत मान वाकडी करून बसलेला. माझ्या अंगणवाडीतला डबा शाबूत राहतोय म्हणून मला वाईट वाटेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोहफुलं वेचून घरोघर वाळत पडली होती. एके दुपारी मी अंगणवाडी बंद करून येत होते, तर वाटेत तीन बायांनी तीन वेळा मला एकच गोष्ट सांगितली. आनंदराव मंदाबाईच्या मागच्या अंगणातून निघाले, धोतराच्या सोग्यात बाटली होती. सांगताना एकीच्याही तोंडावरचा आनंद लपत नव्हता. मी घरी आले. मामाजींची कापडी पिशवी खुंटीला होती. आतल्या बाटलीचं बूच काढलं आणि तो वास आला. माझं डोकंच फिरलं.

माझा बाप झोपलेला असायचा तेव्हा आम्हाला भीती नसायची, तो उठला की असायची. आठ वर्षांची असल्यापासून मी त्याला नाल्यातून, बांधावरून, दुसऱ्यांच्या दारातून उचलून आणलेलं आहे. शेवटी करडीच्या बोडीत, गावच्या तळ्यात, बुडून गेला. प्यायचं निमित्त काय, तर बैलाचं पोट दुखते, बैलाले पाजाले आनली. दर आठवड्याला आमच्या बैलाचं पोट दुखायचं. म्हणून मामाजी परसातून आत आले, बाटली माझ्या हातात पाहिली आणि म्हणाले, की ही हवालदारासाठी आहे, त्याले झोपवून पट्टा कापतो, तेव्हा मला बैलच आठवला.

मी नको ते बोलले. दुसऱ्यांची मडकी फोडणाऱ्यानं म्हातारपणी मंदाबाईचा उंबरठा झिजवावा, आणि वर मुक्या जनावराचं नाव पुढे करावं. हे या घरात चालणार नाही. प्रफुल्ल, म्हणजे माझा नवरा, चिखल्याच्या खाणीत पाळीवर होता. तो असता तर मधे पडला असता. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. बाटली माझ्या हातातून घेतली आणि पिशवीत ठेवली. एवढंच म्हणाले, "मी मोडलंच आहे, दीपमाला. कारन कोनतं का असंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी कात्री मागितली. मी दिली. मग दारात उभे राहिले. "धरायले दोन जनं लागतात. तू येतं का माझ्यासंगं?" मी चूल फुंकत होते. मी मान वर केली नाही, फुंकतच राहिले. ते थोडा वेळ थांबले, मग चपला घातल्या आणि गेले.

पुढचं मला दोघांकडून कळलं. अर्धं जागेश्वरभाऊंकडून. त्यांचं शेत आमच्या शेजारीच, मामाजींचे जुने सोबती. मी गेले नाही म्हणून मामाजींनी त्यांना वाटेवरून बोलावून घेतलं. मंदाबाईनं बाटली देताना बजावलं होतं म्हणे, की पहिल्या धारेची आहे, एवढीशीच दे. मामाजींनी गुळाचं पाणी केलं, त्यात ती घातली आणि करवंटी हवालदारापुढे ठेवली. गिळायला सोपं आणि गोड, त्यानं सगळं पिऊन टाकलं. मामाजींनी पुन्हा भरली. जागेश्वरभाऊ नको म्हणाले. मामाजी म्हणाले, चामडं मासात रुतलं आहे, कापताना त्याले कळाले नाही पायजे. दहाच्या सुमारास हवालदार दरवाजाच्या सावलीत आडवा झाला आणि घोरायला लागला.

पट्टा कापायला अर्धा तास लागला. कात्री चामड्याखाली जाईना, कातडी चिकटून निघत होती. जागेश्वरभाऊंनी डोकं धरलं, मामाजींनी कापलं. मग कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुतली, हळद भरली. जागेश्वरभाऊ म्हणतात, आनंदराव रडत होते, पण कात्री कुठं चुकली नाही. निघालेला पट्टा मनगटाला बसणार नाही एवढा लहान होता.

मग जागेश्वरभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत याले कमरेले बांधून ठेवू. मामाजी नाही म्हणाले. जागेश्वरभाऊंनी समजावलं, गळ्याले नाही, कमरेले. मामाजींनी पोराला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "आत्ताच सोडला, जागेश्वर. त्याच हातानं पुन्हा बांधू कसा?"

त्या दोघांच्या वडिलांच्या काळात या गावात कोण कुणाच्या दारात दोर गळ्यात पडल्यासारखं राबायचं, हे दोघांनाही माहीत होतं. जागेश्वरभाऊंनी दुपट्टा परत खांद्यावर टाकला. बाराला बैलांना पाणी पाजायला ते खाली उतरले. ते अधूनमधून दारू घेतात, ती कशी चढते-उतरते याच्या चार गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. पण बैलही तहानलेले होते.

उरलेलं अर्धं मामाजींनी सांगितलं. ते दिवेलागणीला घरी आले. सदऱ्यावर हळद आणि रक्त, पायाला खरचटलेलं, नखांत माती. ओसरीवर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं.

तीनच्या सुमारास त्यानं डोळे उघडले होते. मांडीवरून उठून बसला. मामाजींनी वाटीत पाणी दिलं, ते तो घटाघटा प्यायला. महिन्याभरात पहिल्यांदा पाणी नरड्यात अडकलं नाही. गळ्याला हात लावून पाहिला, पुन्हा पाहिला. मग जवळ पडलेली काडी उचलून खांद्यावर टाकली आणि मामाजींना सलाम ठोकला. मामाजी हसले. सांगतानाही ते जरासे हसले, आणि मग त्यांचं तोंड वाकडं झालं.

"मले वाटलं उतरली त्याची," ते म्हणाले. "पायऱ्या सरळ चढला. भिंतीवर गेला, रोजच्यासारखा. मी खालून पाहून राहिलो होतो. कोपऱ्यावर रोज वळते ना थो. तिथं वळलाच नाही."

बाकीची माकडं भिंतीवर बसली होती, एकही ओरडलं नाही म्हणाले. बुरजाखाली उतरायला वाट नाही. मामाजी सगळी टेकडी वळसा घालून, काटेकुटे तुडवत तिथं पोचले तेव्हा तासभर होऊन गेला होता. तिथंच हातानं आणि काठीनं खड्डा करून त्यांनी त्याला मातीत ठेवलं. गळा उघडाच ठेवला, जखमेवर माती पडू नये म्हणून पळसाचं पान ठेवलं. मेलेल्याच्या जखमेला काय होणार आहे, पण त्यांनी ठेवलं.

पिशवीतून बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. अर्धी उरली होती. म्हणाले, "मोरीत ओतून दे." मी ओतली. वास सगळ्या घरात भरला. मी परत येऊन त्यांच्याजवळ खाली बसले. मला त्यांची माफी मागायची होती, कालचं सगळं परत घ्यायचं होतं.

पण आधी मामाजीच बोलले. माझ्याकडे न पाहता, हातातल्या काठीकडे पाहत.

"दीपमाला, तुले ठाव असंल. मले काय समजते त्यातलं, मी कधी चाखलीबी नाही. पिलेला उठला, पानी पिला, सरळ चालाले लागला, म्हंजे उतरली नसते का?"

मला माझा बाप दिसला. त्या दिवशी तो दुपारी खाटेवरून उठला होता. तोंड धुतलं, आईकडे चहा मागितला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता बरं वाटते म्हणाला, आणि सरळ पावलं टाकत बोडीकडे गेला. आई म्हणाली, जाऊ दे, उतरली आहे. मी त्याच्यामागे गेले नाही. उठलेला माणूस झोपलेल्यापेक्षा जास्त प्यायलेला असतो, हे त्या दिवसापासून मला जितकं माहीत आहे तितकं या गावात कुणाला माहीत नसेल. मी किल्ल्यावर असते तर हवालदारानं डोळे उघडायच्या आधीच मामाजींना सांगितलं असतं. बांधायचं नाही ना, नका बांधू, पण मांडीवरून उठू देऊ नका, उद्या सकाळपर्यंत दोघं मिळून धरून बसू. मी धरून बसले असते. मला एवढंच तर येत होतं. आणि त्यांनी मला बोलावलं होतं.

"मानसाची उतरत नाही लवकर," मी म्हणाले. "जनावराची उतरते, मामाजी. त्याची उतरूनच गेली होती. महिनाभर पोटात काही नव्हतं, कमजोरीनं तोल गेला."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

"खरंच."

त्यांनी काठी खाली ठेवली. मग बाजूला ठेवलेलं पाणी उचलून प्यायले. "मंग नशेत नाही गेला थो," ते म्हणाले. "तेवढं तरी बरं झालं."

मी हो म्हणाले. या घरात येऊन मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. भांडले कितीदा तरी असेन, पण त्यांच्याशी खोटं कधी बोलले नव्हते. म्हणून त्यांना ते खरं वाटलं.